पिशवी

“यात?” यांनी विचारलं.

“यातच, काका,” सेंटरमधली मुलगी म्हणाली. “हे नरसाळं आहे ना, त्यात करायची. खाली मशीन आहे, ते धार मोजतं. घाई करायची नाही. झालं की ही बेल दाबा.”

“आणि धुतं कोण हे?”

“आम्हीच धुतो.”

“कशानं?”

मी यांचा सदरा मागून ओढला. तासगाव नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक म्हणून उभी हयात गेलेला माणूस. निवृत्त झाला तरी दुसऱ्याच्या मोऱ्या तपासायची खोड काही जात नव्हती. गावातल्या प्रत्येक मुतारीच्या भिंतीवर लाल रंगात ‘पाणी ओता’ असं यांनीच रंगवून घेतलेलं. लोक मागून यांना ‘पाणीओते ढवळे’ म्हणायचे. ते यांना ठाऊक होतं, आणि त्याचं यांना वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटायचं.

“जा आता,” मी म्हटलं. “घरी दिवसभर जाता, इथं एकदा जा.”

हे आत गेले. टेस्टच्या आधी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं म्हणून मी घरून बाटली भरून आणली होती, ती माझ्या हातात द्यायची सोडून तशीच आत घेऊन गेले. दार लागलं. मी बाहेर बाकावर बसले. सांगलीतलं मोठं सेंटर होतं ते. बाकावर माझ्यासारख्याच बायका, मांडीवर फायली घेऊन. नवरे आत, बायका बाहेर. माझ्या शेजारची म्हणाली, “आमच्यांना आणायला मला वर्ष लागलं.” मी म्हटलं, “मग तुमचे गुणाचेच म्हणायचे.”

बराच वेळ गेला. मग बेल वाजली आणि हे बाहेर आले. पोरगं पेपर सोपा गेल्यावर येतं तसे. रिकामी बाटली माझ्या पिशवीत टाकली, रुमालानं हात पुसले आणि म्हणाले, “चल. झालं.”

“आता परत सोनोग्राफी आहे ना? किती शिल्लक राहते ते बघणार होते.”

“शिल्लक कशाला राहतीय? एकदम मोकळं झालं. चल, दोनची गाडी मिळेल.”

मी त्या मुलीला सांगायला वळेपर्यंत हे जिना उतरून खालीसुद्धा गेले होते.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. पण त्या दिवशी त्या जिन्यावरून यांच्या मागे उतरताना माझ्या डोक्यात जी तिडीक होती ती आजही आठवते. कारण मला खरं काय ते माहीत होतं. आमच्या मोरीची आणि माझ्या उशीची भिंत एकच. गेली दोन वर्षं मी त्या भिंतीपलीकडचं सगळं ऐकत होते. हे जायचे, उभे राहायचे, खाकरायचे. मग नळ सोडायचे, मला वाटावं की चाललंय सगळं व्यवस्थित. नळाचा आवाज आणि माणसाचा आवाज यातला फरक बायकोला कळत नाही, असं या माणसाला पस्तीस वर्षांच्या संसारानंतरही वाटत होतं. येऊन आडवे व्हायचे आणि डोळा लागतोय न लागतोय तोच पुन्हा उठायचे. विचारलं तर म्हणायचे, “पाणी जास्त प्यालो.” थंडीत म्हणायचे, “थंडी आहे.” उन्हाळ्यात काय म्हणावं ते सुचायचं नाही, तेव्हा माझ्यावरच डाफरायचे.

शेवटी मीच हट्टानं यांना डॉक्टर मगदूमांकडे नेलं. तरुण माणूस, पण बोलायला नीट. त्यांनी तपासलं, रक्त घेतलं, सोनोग्राफी करून घेतली. मग आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं.

“काका, पहिली गोष्ट, रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे, तेव्हा भलतीसलती शंका मनात आणू नका. प्रोस्टेट म्हणून एक गाठ असते पुरुषांना, लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी. वय झालं की ती वाढते. तुमची वाढलीय. आता ती मार्ग किती दाबतेय ते बघायचं. धार चांगली असेल तर गोळ्यांवर भागेल. नसेल तर दुर्बिणीतून ऑपरेशन. पण अंगावर काढू नका. जोर लावून लावून एक दिवस पिशवी खराब होते.”

तोवर हे डॉक्टरांच्या हात धुवायच्या बेसिनकडे बघत होते. पिशवीचं नाव निघाल्यावर यांनी मान वळवली.

“खराब झाली तर?”

“तर मग अवघड आहे. तिथवर जाऊच द्यायचं नाही.”

एरवी डॉक्टरांना कचऱ्याच्या डब्याचा रंग कसा असावा ते सांगून उठणारा माणूस, पण त्या दिवशी फाईल उचलली आणि सरळ बाहेर पडला. मला वाटलं, बरं झालं, घाबरले. म्हटलं, आता तरी शहाण्यासारखं वागतील.

तर त्या धारेच्या टेस्टचा रिपोर्ट घेऊन आम्ही पुन्हा गेलो. बाहेर पेशंटची ही गर्दी. डॉक्टरांनी कागदावरचा आकडा बघितला आणि हसले.

“काका, धार तर पोराटोरांसारखी आहे. लघवी केल्यानंतरची सोनोग्राफी नाही केलीत?”

“एकदम मोकळं वाटलं, म्हणून नाही थांबलो,” हे म्हणाले.

“ठीक आहे. मग ऑपरेशनची घाई नाही. गोळी सुरू करा, तीन महिन्यांनी दाखवा.”

“डॉक्टर,” मी म्हटलं, “ह्यांना त्रास होतो. मी ऐकते रोज.”

“गोळीनं कमी होईल, काकू.”

“अहो पण धार नाहीच आहे ह्यांना.”

“ए,” हे म्हणाले, “कागद खोटं बोलतोय का?”

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटची फाईल ओढली.

त्यानंतरचे दीड-दोन महिने मी जी चरफडत काढले ते माझं मला माहीत. यांनी येताना बसस्टँडवरून पेढे घेतले. प्रोस्टेटच्या रिपोर्टाचे पेढे वाटणारा हा पहिलाच माणूस असेल. माझ्या नणंदेला, मंगलवन्संना, फोन लावून सांगितलं, “अगं, डॉक्टर म्हणाले विशीतल्या पोराची धार आहे.” वन्संनी मला फोनवर घेऊन सुनावलं, “वहिनी, तुम्ही उगंच घाबरवताय दादाला. पुरुषमाणसाच्या मागं असं लागू नये.” पुण्याला धनंजयला, आमच्या मुलाला, फोन केला तर तो म्हणाला, “आई, रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग? तू काय डॉक्टर आहेस का?”

“मी डॉक्टर नाही रे,” मी म्हटलं, “पण मला कान आहेत.”

“आई, प्लीज.”

दवाखान्यात फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, पेशंटला घेऊन या. पेशंट यायला तयार असता तर मी फोन कशाला केला असता? मी जेवताना एकदा विषय काढला तर हे ताटावरून उठले. एकदा मी म्हटलं, चला, नुसती ती राहिलेली सोनोग्राफी करून येऊ, तर म्हणाले, “तुला मला आडवं पाडायची एवढी हौस का आहे?” मी भांडी आपटली. यांनी रेडिओ मोठा केला. पलंगाच्या या कडेला मी, त्या कडेला हे, आणि मोरीतला नळ. घरातल्या सगळ्यांचं एकमत झालं होतं की माझं डोकं फिरलंय. खरं सांगायचं तर मलाही अधूनमधून वाटायला लागलं होतं, की आपणच तर काही भलतं ऐकत नाही ना.

मग तो शाळेचा कार्यक्रम आला. नगरपालिकेच्या शाळेत स्वच्छता पंधरवडा होता आणि प्रमुख पाहुणे म्हणून यांना बोलावलेलं. सकाळपासून हे खुशीत. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. मलाही चल म्हणाले. स्टेजवर बसले, हार घेतला, मुलांना हात धुवायच्या सात पायऱ्या स्वतः करून दाखवल्या. भाषण झालं, मग मुलींचं गीत झालं, मग आभार, मग मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा. मी समोरून बघत होते. भाषणाच्या शेवटी शेवटी हे एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होते, आणि चहाचा कप हातात घेऊन नुसतेच उभे होते.

“आलोच,” म्हणाले आणि गेले.

आले नाहीत. मुख्याध्यापक म्हणाले, “साहेब आमच्या मुताऱ्या तपासताहेत वाटतं,” आणि सगळे हसले. मी उठले. मास्तरांच्या मुतारीचं दार आतून लावलेलं होतं.

“अहो.”

मी दार वाजवलं.

“अहो, मी आहे. उघडा.”

“सरोज,” आतून आवाज आला. यांनी मला नावानं हाक मारायची वेळ क्वचित येते. “सरोज, येत नाहीय गं. एक थेंब येत नाहीय.”

कडी उघडली तेव्हा यांचा चेहरा घामानं निथळत होता. टोपी खाली पडलेली. ओटीपोट हातानं धरलं होतं आणि त्या हाताखालचा फुगवटा मला सदऱ्यावरून दिसत होता.

मुख्याध्यापकांनी त्यांची जीप दिली म्हणून बरं. तासगाव ते सांगली हे अंतर तसं काहीच नाही, पण त्या दिवशी प्रत्येक खड्ड्याला हे कण्हत होते. माझा हात यांनी असा दाबून धरला होता की बांगडी मनगटात रुतली. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी यांच्या मुस्काटात मारावंसंही वाटत होतं. दोन्ही खरं आहे.

डॉक्टर मगदूमांनी नळी घातली. मी पडद्याबाहेर होते. आतून यांचा एक मोठा सुस्कारा ऐकू आला आणि मग डॉक्टरांचा आवाज, “बापरे, काका.” नळीला लावलेली पिशवी भरली, ती रिकामी करून पुन्हा लावावी लागली. मला आत बोलावलं तेव्हा हे डोळे मिटून पडले होते. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि ते पुसायचंही यांना भान नव्हतं. कॉटच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती.

थोड्या वेळानं पुन्हा सोनोग्राफी झाली. डॉक्टर फाईल घेऊन आले. या वेळी घाईत नव्हते.

“किडन्यांना थोडी सूज आहे. वेळेवर आलात, उतरेल. पण मला एक कळत नाही काका. इतकी चांगली धार असलेला माणूस असा तुंबतो कसा?”

त्यांनी फाईलमधून तो जुना रिपोर्ट काढला आणि या वेळी आकडा नाही, खालची रेघ बघितली. मलाही दाखवली. आधी लांबच लांब रेघ, जमिनीला चिकटलेली, मध्येच तुटणारी. मग एकदम उंच सुळका.

“हे काय आहे? काका, शेवटी पाणी ओतलंत का वरून?”

हे डोळे न उघडता म्हणाले, “सवय हो. जन्म गेला त्यात. कळलंच नाही.”

डॉक्टर हसायला लागले. बरोबरची सिस्टर तासगावचीच होती, ती तर पदर तोंडाला लावून हसली. “सर, पाणीओते ढवळे आहेत हे. आमच्या गावात भिंतीभिंतींवर लिहिलंय.” वॉर्डातले शेजारचे पेशंटसुद्धा हसले.

“आकडा बघितला आणि रेघ बघायची राहिली, ही माझीच चूक,” डॉक्टर म्हणाले. “पण कमाल आहे. असं कुणी करू नये म्हणूनच तिथं नळ नाही ठेवलेला. बरं, आता मुद्द्याचं. माझ्या मते ऑपरेशन करावं. दुर्बिणीतून होतं, टाका नाही. नाहीतर किती दिवस ही पिशवी घेऊन हिंडणार?”

“हिंडेन की,” हे म्हणाले. “राहू दे पिशवी.”

“काका, संध्याकाळी बोलू. विचार करा. काकू, तुम्ही समजवा.”

ते गेले. मी स्टुलावर बसले. तिथं नळ नव्हता. हे शब्द माझ्या डोक्यात फिरत होते. नळ नव्हता म्हणजे तांब्या नव्हता, बादली नव्हती. होती ती माझी बाटली, मी घरून भरून दिलेली.

जेवणाची वेळ झाली होती. वॉर्डात डबे उघडत होते, भाकरीचा आणि ठेच्याचा वास सुटला होता. शेजारच्या दोन्ही कॉटांवरचे बाहेरच्या बाकांवर जेवायला गेले होते. मी जरा पुढं सरकले.

“बाटलीतलं ओतलंत ना?”

यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली.

“मी विचारतेय. सवय नव्हती ती. मुद्दाम ओतलंत.”

“हो.”

“आयुष्यभर गवळ्यांच्या दुधात लॅक्टोमीटर बुडवत फिरलात. पाणी घातलं म्हणून लोकांवर खटले घातलेत. आणि स्वतःच्या...” मला पुढं बोलवेना. “अहो, मरणार होतात तुम्ही. किडन्या गेल्या असत्या. दोन महिने मी वेड्यासारखी सगळ्यांना सांगतेय आणि तुम्ही पेढे वाटताय. का केलंत असं? ऑपरेशनला एवढं काय घाबरायचं? लहान पोरं करून घेतात.”

“तुला नाही कळायचं.”

आणि मग माझा तोल गेला. इतकी वर्षं आत कुठंतरी घडी घालून ठेवलेलं होतं ते सगळं बाहेर आलं.

“मला नाही कळायचं? मला? माझी पिशवी काढायला तुम्हाला एक चहा पुरला होता. आठवतंय का? छत्तीस वर्षांची होते मी. अंगावर जास्त जातंय म्हणून दाखवायला नेलंत. आत टेबलावर पडलेली मी, आणि पडद्याच्या पलीकडे डॉक्टर तुम्हाला सांगतोय, पिशवी खराब आहे, काढलेली बरी, पुढं कॅन्सरबिन्सर व्हायला नको. तुम्ही आणि वन्सं चहा प्यायला गेलात. वन्सं म्हणाल्या, माझीपण काढलीय, काही होत नाही. आलात आणि सही करून मोकळे. काढणार हे मला कळलं कधी? सिस्टर भुलीचं इंजेक्शन घेऊन आली तेव्हा. ना टेस्ट, ना दुसरा डॉक्टर, ना गोळ्या देऊन बघणं. आणि तुमच्या सुपारीएवढ्या गाठीसाठी मी दोन वर्षं तुमच्या मागं फिरतेय, बाटल्या भरून देतेय, आणि तुम्ही म्हणताय मला कळायचं नाही.”

मी हळूच बोलत होते, वॉर्ड होता म्हणून. पण मला धाप लागली होती.

हे छताकडे बघत होते. म्हणाले, “म्हणूनच.”

“काय म्हणूनच?”

“पिशवी काढल्यावर काय होतं ते बघितलंय मी.”

“कुणाचं?”

“तुझंच की.”

मला आधी कळलंच नाही. हे बोलत राहिले, छताकडेच बघत.

“ऐन थंडीत मागच्या पायरीवर बसायचीस तू. पाय बादलीत बुडवून. अंगातून वाफा येताहेत म्हणायचीस. आधी गच्चीवर बेदाणे वाळत घालायला दिवसातून किती वेळा चढायचीस, मग चार पायऱ्यांत कंबर धरून उभी राहायला लागलीस. दळण निवडताना गुणगुणायचीस ते थांबलं. धनूनं दूध सांडलं म्हणून रडलीस एकदा, संध्याकाळपर्यंत रडत होतीस. आणि माझ्याकडं पाठ करून झोपायला लागलीस. पिशवी काढली आणि माणूस निम्मं झालं. ते डॉक्टर तेव्हा अगदी हेच म्हणाले होते, पिशवी खराब झालीय. मगदूमपण तेच म्हणाला. म्हटलं, आता माझी काढणार.”

मी यांच्याकडे बघत राहिले. मला दया यायला हवी होती बहुतेक. आला तो संताप.

“तुम्हाला दिसत होतं?”

“दिसत होतं.”

“पाय बादलीत घालून बसलेली दिसत होते मी?”

“होय.”

“पंचवीस वर्षं मला वाटतंय की तुमच्या लक्षातच आलं नाही. मी मनाची समजूत घातली, की पुरुषमाणूस आहे, नसेल कळत. आणि तुम्हाला सगळं दिसत होतं. मग बोलला का नाहीत कधी? एका शब्दानं?”

यांनी ओठ दाबले. नळी ताणली गेली तसे जरा कळवळले.

“काय बोलणार,” हे म्हणाले. “सही माझी होती.”

मी उठून खिडकीपाशी गेले. खाली आवारात रिक्षावाले कुणाशीतरी भाड्यावरून हुज्जत घालत होते. मला यांना सोडून निघून जावंसं वाटलं. असंच चालत स्टँडवर जावं, गाडीत बसावं, आणि उतरूच नये. मागून यांचा आवाज आला.

“मग काढत नाहीत का पिशवी?”

मी वळले. पासष्ट-सहासष्टचा माणूस, टोपीशिवाय, विस्कटलेल्या केसांचा, माझ्या तोंडाकडे बघत होता. खरंच विचारत होता.

“नाही हो,” मी म्हटलं. “तुमची पिशवी तुमच्यापाशीच राहते. तोंडाशी गाठ वाढलीय ती आतून खरवडतात, एवढंच.”

“नक्की?”

“मी डॉक्टर नाही. त्यांना विचारा.”

“तू विचार ना संध्याकाळी. तुला बोलता येतं.”

“मी नाही विचारणार. अंग तुमचं आहे. तुम्हीच विचारा.”

संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा यांनी खरंच विचारलं. आधी अडखळत, मग एकामागून एक. डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि औषधाच्या चिठ्ठीच्या मागं चित्र काढलं. ही पिशवी, हा मार्ग, ही गाठ. पिशवीला हात लावायचा नाही, हे तीनदा सांगितलं. ऑपरेशन नको असेल तर काय करता येईल, नळी काढून गोळ्यांवर बघता येईल का, त्यात पुन्हा तुंबायचा धोका किती, सगळं सांगितलं. नंतर काय त्रास होऊ शकतो तेही. म्हणाले, “नवरा-बायकोच्या संबंधात सहसा अडचण येत नाही. फक्त वीर्य बाहेर न येता मागे पिशवीत जातं.” हे लाल झाले आणि पुटपुटले, “त्याचं काय आता.” डॉक्टर म्हणाले, “नाही काका, सांगणं माझं काम आहे. तुम्हाला माहीत असायला हवं. घाई नाही, आणखी काही शंका असेल तर विचारा. तुमची तयारी असेल तरच करू.”

मी स्टुलावर बसून ऐकत होते. माणसाला असं विचारतात तर. खुर्ची ओढून, चित्र काढून, तुमची तयारी असेल तरच, असं म्हणून. मला कुणाचा रागही येईना.

“काकू, तुम्हाला काही विचारायचंय?” डॉक्टर म्हणाले.

मला पुष्कळ विचारायचं होतं, पण त्यातलं काही या डॉक्टरांना नव्हतं. मी मान हलवली.

“करून टाकू,” हे म्हणाले. “उद्या केलं तरी चालेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर संमतीचे कागद घेऊन आली. यांचा गुडघ्याच्याही वर आलेला हिरवा गाऊन बघून मला एरवी हसू आलं असतं. “काका, तुमची इथं, काकू, तुमची इथं,” म्हणत तिनं बोटानं जागा दाखवल्या आणि पेन माझ्या हातात देऊन पलीकडच्या कॉटकडे गेली.

बारीक अक्षर होतं. मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. मोठ्यानं, यांना ऐकू जाईल असं. भूल कसली देणार, रक्त लागलं तर काय, नळी किती दिवस राहणार. प्रत्येक कलम संपलं की थांबायची आणि विचारायची, “कळलं?” हे “होय” म्हणायचे. मी पुढं जायची. अर्ध्यावर आले तेव्हा यांनी हात हलवला.

“अगं कर की सही. काल सगळं सांगितलंय त्यांनी. एवढं कुणी वाचतं का?”

मी चष्म्यावरून यांच्याकडे बघितलं.

“माझ्या वेळी तुम्ही वाचलं होतं?”

हे बघत राहिले. उत्तर द्यायचं टाळतील असं मला वाटलं, आजवर टाळलं होतं तसं. पण यांनी नजर काढून घेतली नाही.

“नाही,” हे म्हणाले.

सिस्टर लांबून म्हणाली, “काकू, झाली का सही? खाली थांबलेत.”

“थांबू द्या,” मी म्हटलं, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.